अधिमान्य मूल्ये, इलेक्ट्रॉनीय घटकांची

रोधक, धारित्र, प्रवर्तक इ. इलेक्ट्रॉनीय घटक ज्या ठराविक मूल्यांत तयार करण्याचा व वापरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्या मूल्यांना अधिमान्य मूल्ये असे म्हणतात. रेडिओ संचाचे मंडल प्रथमच पाहणाऱ्यास त्यातील आकडे चमत्कारिक वाटतात. रोधकांवर १००, २०० किंवा ५०० ओहम असे पूर्णांकी आकडे आढळण्याऐवजी २२०, ४७०, ६८०, ३,३००, ५६,००० असे आकडे आढळतात. ५,००० ओहमचा रोधक सामान्य दुकानात सहसा मिळत नाही. ४,७०० ओहमचा मात्र कोठेही मिळतो. हे आकडे कोणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. त्यांच्या मागे एक साधे गणितीय तत्त्व, कारखान्यातील उत्पादनाची एक अडचण आणि व्यापारातील रूढ प्रघात व तर्कशुद्ध योजना यांच्यातील एक तडजोड आहे. या तिन्हींचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे.

मूलभूत तत्त्व : कोणत्याही वस्तूची अनेक आकारमाने तयार करावयाची असली, म्हणजे लगतच्या दोन आकारमानांत किती अंतर ठेवावे हा प्रश्न उद्‌भवतो. हे अंतर सर्वत्र सारखे ठेवले (म्हणजे आकारमाने अंकगणितीय श्रेढीत असली), तर लहान आकारमाने फार विरळ आणि मोठी आकारमाने निष्कारण दाट होतात. १० ओहमच्या रोधकात १ ओहमचा फरक पडला, तर तो दहा टक्के असल्याने महत्त्वाचा ठरतो. १०,००० ओहमच्या रोधकात तेवढाच फरक मोजण्याचेही कारण नसते. व्यवहारात महत्त्व असते ते सापेक्ष फरकाला. म्हणून लगतच्या आकारमानांतील फरक नव्हे, तर गुणोत्तर सारखे ठेवणे इष्ट असते. अशा संख्यांच्या क्रमाला गुणोत्तर श्रेढी म्हणतात.

हे तत्त्व व्यवहारात फार जुने आहे. महाराष्ट्रात प्रचारात असलेली शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक ही वजने म्हणजे दर पायरीस निम्मी होत जाणारी गुणोत्तर श्रेढीच होय. दशमान पद्धती आल्यावर १, २, ५, १०, २०, ५०, १०० हा क्रम नाण्यांत, नोटांत व वजनांत रूढ झाला. त्यातील लगतच्या पायऱ्यांचे गुणोत्तर २ किंवा २·५ असते, म्हणजे तोही स्थूलमानाने गुणोत्तर श्रेढीच आहे. दहा या संख्येपर्यंत नेमक्या तीन समान गुणोत्तरांच्या पायऱ्यांनी पोहोचावयाचे असेल, तर दर पायरीचे गुणोत्तर १० चे घनमूळ, म्हणजे सु. २·१५४, इतके येते व १, २·१५४, ४·६४२, १० असा क्रम मिळतो. १, २, ५ हा त्याचाच सोईसाठी पूर्णांकी केलेला अवतार होय. आणि इलेक्ट्रॉनीय घटकांतील १, २·२, ४·७ हाही त्याचाच दुसरा अवतार होय.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा विचार निरनिराळ्या क्षेत्रांत स्वतंत्रपणे पुढे आला. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन या इंग्रज ज्योतिषशास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये ताऱ्यांच्या प्रतींसाठी अशी व्याख्या सुचविली की, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट फरक. त्यामुळे लगतच्या दोन प्रतींतील गुणोत्तर १०० चे पंचममूळ, म्हणजे सु. २·५१२ झाले. पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रास येथील वेधशाळेचे शासकीय ज्योतिषशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या कारखान्याने १८५७ मध्ये तारांच्या जाडीची मापनपद्धती प्रचारात आणली. तीत ०·४६ इंच व ०·००५ इंच या दोन व्यासांमध्ये ३९ समान गुणोत्तराच्या पायऱ्या पाडलेल्या असून दर पायरीचे गुणोत्तर सु. १·१२३ आहे. अमेरिकन तारमाप या नावाने ही पद्धती अद्यापही प्रचारात आहे.

मात्र या तत्त्वाला सर्व उद्योगांना लागू पडेल असे रूप देण्याचे श्रेय शार्ल रनार (१८४७–१९०५) या फ्रेंच सैनिकी अभियंत्यांना दिले जाते. पॅरिसजवळील शाले-म्यूदाँ येथे फ्रेंच सैन्याची वैमानिक संस्था होती. तेथे रनार काम करीत असत. आर्त्यूर क्रेब्ज यांच्यासमवेत त्यांनी बांधलेल्या ‘ला फ्रांस’ या वायुनौकेने ९ ऑगस्ट १८८४ रोजी सु. ८ किमी.चा फेरा पूर्ण करून निघाल्या जागी परत येण्याचा पराक्रम केला व त्यामुळे त्यांचे नाव विमानविद्येच्या इतिहासात नोंदले गेले. परंतु त्यांचे अधिक व्यापक परिणामाचे कार्य याच्या काही वर्षे आधी दोरखंडांच्या बाबतीत झाले होते. जमिनीशी जखडून ठेवलेल्या टेहळणीच्या फुग्यांसाठी सैन्याच्या कोठारात ४२५ निरनिराळ्या प्रकारचे दोरखंड साठविलेले असत. प्रत्येक नव्या कामासाठी नवे माप ठरविण्याच्या सवयीचा तो परिणाम होता. रनार यांनी दोरखंडांच्या एकक लांबीच्या वजनांसाठी अशी श्रेढी योजिली की, दर पाच पायऱ्यांनंतर मूल्य बरोबर दसपट व्हावे. लगतच्या पायऱ्यांचे गुणोत्तर १० चे पंचममूळ, म्हणजे सु. १·५८५ ठेवल्याने हे साधते. यामुळे ४२५ प्रकारांचे काम १७ प्रकारांत भागले.

रनार मालिका : या पद्धतीचा विशेष गुण असा की, पहिल्या दशकातील (१ ते १० मधील) मूल्ये ठरली म्हणजे पुढील सर्व दशकांतील मूल्ये केवळ दशांश चिन्ह सरकवून मिळतात. रनार यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून या मालिकांना आर ५, आर १०, आर २० व आर ४० अशा संज्ञा आहेत. संज्ञेतील अंक दर दशकातील पायऱ्यांची संख्या दर्शवितो. आर ५ मालिकेत १, १·६, २·५, ४, ६·३ ही मूल्ये येतात. आर १० मध्ये त्यांच्या दरम्यान १·२५, २, ३·१५, ५, ८ ही मूल्ये वाढतात. १० चे दशममूळ तीन वेळा गुणले असता १·९९५ म्हणजे जवळजवळ २ येत असल्याने आर १० मालिकेत दर तीन पायऱ्यांनी मूल्य दुप्पट होते, हीही मोठी सोय आहे. छायाचित्रण फिल्मच्या वेगाचे १००, १२५, १६०, २०० हे अंक याच मालिकेतील होत.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी, फ्रान्स, अमेरिका इ. देशांच्या राष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थांनी या संख्यांचा पुरस्कार केला. दंडांचे व्यास, नळांची मापे, चलित्रांची शक्ती, यंत्रांचे वेग इत्यादींसाठी त्या वापरात आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने आपल्या आरंभीच्या मानकांतच त्यांना स्थान दिले, ‘मानक क्र. ३’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. अशा रीतीने यंत्र अभियांत्रिकीत रनार मालिकांचे स्थान पक्के होत होते; परंतु याच सुमारास रेडिओ उद्योग मात्र निराळ्या वाटेने चालला होता.

रेडिओ उद्योगातील अडचण : १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत व यूरोपात रेडिओ संचांचे उत्पादन झपाट्याने वाढले. प्रत्येक निर्माता आपल्या सोईप्रमाणे रोधकांची व धारित्रांची मूल्ये निवडीत असे. त्या काळच्या संचांत ५०,०००, २,५०,०००, ५,००,००० ओहम असे रोधक आणि ०·०५, ०·२५, ०·५ मायक्रोफॅराड अशी धारित्रे आढळतात. या मूल्यांत काही पद्धती नव्हती. कारखानदारास असंख्य प्रकार साठवावे लागत व दुरुस्ती करणाऱ्यास हवा तो घटक मिळेलच याची खात्री नसे.

याहून गंभीर अडचण खुद्द उत्पादनात होती. त्या काळी रोधक मुख्यत्वे कार्बनाची पूड, मृत्तिकेसारखे निरोधक चूर्ण व बंधक राळ यांचे मिश्रण दाबून व भाजून तयार करीत. मिश्रणाचे प्रमाण, दाब व तापमान यांत किंचित बदल झाला, तरी तयार रोधकाचे मूल्य बरेच बदले. त्यामुळे १,००० ओहमचे म्हणून बनविलेल्या रोधकांच्या एका घाण्यात प्रत्यक्षात ८०० पासून १,२०० ओहमपर्यंतचे किंवा त्याहूनही अधिक पसरलेले रोधक निघत. नेमके मूल्य आधी ठरवून रोधक बनविणे शक्य नव्हते. बनलेला रोधक मोजून त्याचे मूल्य ठरविणे तेवढे शक्य होते. मग ठरलेल्या मूल्याच्या जवळपास नसलेल्या रोधकांचे काय करावयाचे? ते टाकून द्यावेत, तर उत्पादनाचा मोठा भाग वाया जाई व किंमत वाढे.

या प्रश्नाचे उत्तर सह्यतेच्या कल्पनेत सापडले. सह्यता म्हणजे घटकाच्या नाममात्र मूल्यापासून दोन्ही बाजूंस चालवून घेता येईल असा शेकडेवारीतील फरक होय. १,००० ओहम व सह्यता २० टक्के असा रोधक म्हणजे ८०० ते १,२०० ओहम यांमधील कोणताही रोधक. इलेक्ट्रॉन नलिकांच्या बहुसंख्य मंडलांत एवढा फरक चालत असे, कारण नलिकांचे गुणधर्मही नलिकागणिक तितकेच बदलत. आता नाममात्र मूल्ये अशी निवडली की, एकाच्या सह्यतेचा पट्टा जेथे संपतो तेथेच पुढच्याचा पट्टा सुरू व्हावा, तर कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रोधक कोणत्या ना कोणत्या पट्ट्यात बसतो. काहीही वाया जात नाही. फक्त मोजणे, वर्गवारी करणे व खूण करणे एवढेच काम उरते.

पट्ट्यांचे गणित : दोन लगतच्या मूल्यांचे पट्टे एकमेकांस नेमके भिडण्यासाठी त्यांचे गुणोत्तर किती असावे, हे सहज काढता येते. सह्यता २० टक्के असल्यास खालच्या मूल्याचा पट्टा १·२ पटीला संपतो व वरच्याचा ०·८ पटीपासून सुरू होतो; म्हणून गुणोत्तर १·२ ÷ ०·८ = १·५ पेक्षा अधिक असू नये. दर दशकात सहा पायऱ्या पाडल्यास गुणोत्तर १० चे षष्ठमूळ, म्हणजे सु. १·४६८ येते व अट पूर्ण होते. सह्यता १० टक्के असल्यास मर्यादा १·१ ÷ ०·९ = १·२२२ अशी येते; बारा पायऱ्यांचे गुणोत्तर १·२१२ असल्याने तेही बसते. ५ टक्के सह्यतेसाठी मर्यादा १·१०५ असून चोवीस पायऱ्यांचे गुणोत्तर १·१०१ आहे. याप्रमाणे २०, १० व ५ टक्के या तीन सोईस्कर सह्यतांशी सहा, बारा व चोवीस या पायऱ्यांची जोडी जमते. या मालिकांना ई ६, ई १२ व ई २४ अशा संज्ञा आहेत.

रनार मालिकांनी हे काम का होत नाही, तेही यावरून कळते. आर १० मालिकेतील गुणोत्तर १·२५९ आहे. पट्टे भिडण्यासाठी तेथे सु. ११·५ टक्के सह्यता लागेल. आर ५ साठी २२·६ टक्के व आर २० साठी ५·७५ टक्के लागेल. सह्यता नेमकी १० टक्के ठेवली, तर आर १० च्या पट्ट्यांत सर्वत्र फटी राहतील व त्या फटींत सापडणाऱ्या रोधकांना नाव उरणार नाही.

ई १२ मालिकेतील मूल्ये १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ अशी आहेत. त्यांतील एकाआड एक मूल्ये (१०, १५, २२, ३३, ४७, ६८) घेतली की ई ६ मालिका मिळते व त्यांतीलही एकाआड एक (१०, २२, ४७) घेतली की २० टक्क्यांहून अधिक सह्यतेसाठी वापरावयाची ई ३ मालिका मिळते. उलट ई १२ च्या दरम्यान ११, १३, १६, २०, २४, ३०, ३६, ४३, ५१, ६२, ७५ व ९१ ही मूल्ये घातली की ई २४ मालिका तयार होते. दोन अंकांपर्यंत पूर्णांकी केल्यामुळे प्रत्यक्षात थोडा दोष राहतोच. उदा., ई १२ मध्ये १२ चा १० टक्क्यांचा पट्टा १३·२ ला संपतो, तर १५ चा पट्टा १३·५ पासून सुरू होतो. ई ६ मालिकेत मात्र अशी एकही फट राहत नाही.

प्रमाणीकरणाचा प्रारंभ : अमेरिकेतील रेडिओ निर्मात्यांनी १९२४ मध्ये शिकागो येथे रेडिओ उत्पादक संघ स्थापन केला. एकस्वांच्या (पेटंटांच्या) देवघेवीबरोबरच घटकांसाठी मानके तयार करण्याचे कामही या संघाने हळूहळू हाती घेतले. १९३६ मध्ये संघाने कार्बन मिश्रणाच्या स्थिर रोधकांसाठी अधिमान्य मूल्यांची पद्धत स्वीकारली. जुनी मूल्ये एकदम नाहीशी झाली नाहीत. निर्माते क्रमाक्रमाने नव्या मूल्यांकडे वळले. हाच संघ नाव बदलत बदलत १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनीय उद्योग संघ या नावाने ओळखला जाऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रक्रियेस मोठी गती दिली. रडार, बिनतारी संदेशवहन, वैमानिक मार्गनिर्देशन इत्यादींच्या उपकरणांसाठी घटकांची प्रचंड प्रमाणावर गरज निर्माण झाली. एका कारखान्यात बनलेला रोधक दुसऱ्या कारखान्याच्या उपकरणात व तिसऱ्याच देशातील रणक्षेत्रावर दुरुस्तीसाठी निःशंकपणे वापरता आला पाहिजे, ही त्या वेळी केवळ सोय नव्हती. ती निकड होती. अमेरिकेच्या भूसेनेने व नौसेनेने घटकांसाठी संयुक्त विनिर्देश तयार केले. ब्रिटनमध्येही सैनिकी उत्पादनामुळे असेच एकसूत्रीकरण झाले. युद्ध संपले तेव्हा बारा पायऱ्यांची मालिका अनेक देशांच्या कारखान्यांत मुरलेली होती.

आंतरराष्ट्रीय तडजोड : आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोग ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या रेडिओ संदेशवहनविषयक तांत्रिक समितीची (समिती क्र. १२) बैठक १९४८ मध्ये स्टॉकहोम येथे भरली, तेव्हा रोधकांची व ०·१ मायक्रोफॅराडपर्यंतच्या धारित्रांची अधिमान्य मूल्ये ठरविणे ही आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणातील अत्यंत निकडीची बाब होय, यावर सदस्यांचे एकमत झाले. कोणती मालिका घ्यावी हा खरा प्रश्न होता. तत्त्वतः आर ५, आर १० व आर २० याच मालिका घेणे योग्य होते. कारण त्यामुळे यंत्रांपासून रेडिओपर्यंत सर्व उद्योगांस एकच संख्यापद्धती लागू झाली असती. परंतु कित्येक देशांत १० च्या द्वादशमूळावर आधारलेली मालिका व्यापारात इतकी दृढमूल झाली होती की, ती बदलणे अशक्य होते. समितीने याबद्दल खेद नोंदवून रूढ मालिका मान्य केली. १९५० मध्ये पॅरिस येथील बैठकीत यासंबंधीचा प्रस्ताव स्वीकृत झाला व १९५२ मध्ये आयोगाचे ‘प्रकाशन क्र. ६३’ म्हणून ते मानक प्रसिद्ध झाले.

या निर्णयाचे परिणाम दीर्घकालीन ठरले. एकाच उपकरणात आता दोन संख्यापद्धती शेजारी शेजारी नांदतात. संचातील लहान फ्यूजांवर १, १·२५, १·६, २, २·५, ३·१५ अँपिअर असे रनार मालिकेतील आकडे असतात, तर त्याच्या लगतच्या रोधकांवर १·२, १·५, १·८, २·२, २·७ अशा ई मालिकेतील मूल्यांच्या खुणा असतात. प्रमाणीकरणाचा उद्देश विविधता कमी करणे हा असतो. येथे मात्र प्रमाणीकरण उशिरा झाल्याने दोन प्रमाणे कायम झाली. तथापि समितीचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. जे मानक कारखानदार पाळणारच नाहीत, ते कितीही तर्कशुद्ध असले तरी कागदावरच राहते. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे रूढ मालिकेला सह्यतेच्या गणिताचा भक्कम आधार होता.

मूल्यांतील अनियमितता : १० च्या चोविसाव्या मूळाने येणारी मूल्ये दोन अंकांपर्यंत काटेकोरपणे पूर्णांकी केली, तर २६, २९, ३२, ३५, ३८, ४२, ४६ व ८३ हे अंक येतात, मानकात त्यांऐवजी २७, ३०, ३३, ३६, ३९, ४३, ४७ व ८२ हे अंक आहेत. उदा., १० चे वर्गमूळ ३·१६२ असल्याने ई मालिकेच्या मध्यावर ३२ यावयास हवा होता. पण आहे ३३. चोविसांपैकी आठ मूल्ये अशा रीतीने गणिताशी जुळत नाहीत. बारा पायऱ्यांची मालिका व्यापारातून मानकात आली असल्याची ही स्पष्ट खूण होय. व्यवहारात यामुळे बाध येत नाही, कारण हा फरक सर्वत्र सह्यतेच्या आतच असतो.

सूक्ष्म मालिका : इलेक्ट्रॉनिकीच्या प्रगतीबरोबर, विशेषतः मापन-उपकरणे व गणकयंत्रे यांसाठी, अधिक अचूक रोधकांची गरज भासू लागली. कार्बन मिश्रणाऐवजी सिरॅमिक दांडीवर कार्बनाचा किंवा धातूचा पातळ पटल देऊन व त्यात सर्पिल खाच पाडून रोधक बनविण्याचे तंत्र रूढ झाले. खाच वाढवीत नेऊन रोधाचे मूल्य हव्या त्या ठिकाणी आणता येत असल्याने मूल्य आधी ठरवून रोधक बनविणे आता शक्य झाले. आयोगाच्या मानकाच्या १९६३ च्या आवृत्तीत ई ४८, ई ९६ व ई १९२ या मालिका समाविष्ट होत्या. त्या अनुक्रमे २, १ व ०·५ टक्के सह्यतेसाठी असून त्यांतील मूल्ये तीन अंकी आहेत. ती गणिताप्रमाणेच पूर्णांकी केलेली आहेत. अपवाद फक्त ई १९२ मधील एका मूल्याचा असून तेथे ९·१९ ऐवजी ९·२० घेतले आहे.

या मालिकांतील एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. १ टक्का सह्यतेच्या दोन पट्ट्यांस भिडण्यासाठी गुणोत्तर १·०२०२ हून अधिक असता कामा नये. ई ९६ चे गुणोत्तर मात्र १·०२४३ आहे. म्हणजे येथे पट्ट्यांमध्ये फटी आहेत. ई ४८ व ई १९२ यांतही तसेच आढळते. मूळ मालिकांचा पाया ‘काहीही वाया जाऊ नये’ हा होता. उत्पादनावर पुरेसे नियंत्रण आल्यावर ती गरज उरली नाही व पायऱ्यांची दुप्पट करीत जाण्याची सोय तेवढी शिल्लक राहिली. शिवाय ई २४ मधील ४·७ सारखी मूल्ये ई ९६ मध्ये नाहीत. तेथे त्यांच्या जवळपास ४·६४ व ४·७५ ही मूल्ये आहेत. त्यामुळे जुन्या व नव्या मालिका एकमेकींत पूर्णपणे सामावत नाहीत.

खुणा : लहान रोधकांवर अंक छापणे अवघड असल्याने त्यांवर रंगीत पट्टे देण्याची पद्धत रेडिओ उद्योगात पडली. काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ व पांढरा ९ असे अंक असून पहिले दोन पट्टे मूल्याचे अंक व तिसरा पट्टा पुढील शून्यांची संख्या दाखवितो. पिवळा, जांभळा, तांबडा म्हणजे ४,७०० ओहम. चौथा पट्टा सोनेरी असल्यास सह्यता ५ टक्के, रुपेरी असल्यास १० टक्के व पट्टाच नसल्यास २० टक्के समजतात. अधिमान्य मूल्ये दोन अंकी असल्यामुळेच दोन पट्ट्यांत काम भागते. तीन अंकी मालिकांतील रोधकांवर एक पट्टा अधिक द्यावा लागतो. आयोगाने खुणांसंबंधीचे ‘प्रकाशन क्र. ६२’ हेही १९५२ मध्येच प्रसिद्ध केले.

इतर घटक : धारित्रांची सह्यता सामान्यतः अधिक असल्याने त्यांसाठी ई ३, ई ६ व ई १२ या मालिका वापरतात. जुन्या संचांतील ८, १६ व ३२ मायक्रोफॅराडच्या विद्युत् विच्छेद्य धारित्रांची जागा १०, २२ व ४७ मायक्रोफॅराडच्या धारित्रांनी घेतली. प्रवर्तकांसाठी बहुधा ई १२ मालिका वापरतात. झेनर डायोडांचे ५·१, ५·६, ६·२, ६·८, ७·५, ८·२, ९·१ व्होल्ट हे विद्युत् दाबही ई २४ मालिकेतीलच आहेत. याप्रमाणे रोधकांसाठी निघालेली मालिका ज्या घटकांचा कार्बन मिश्रणाशी काहीही संबंध नाही, त्यांनाही लागू झाली.

भारतातील स्थिती : भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली व १ एप्रिल १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. रनार मालिकांसंबंधीचे भारतीय मानक क्र. १०७६ हे असून १९८५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या १९७३ च्या मानकाशी एकरूप करण्यात आले. इलेक्ट्रॉनीय घटकांच्या बाबतीत भारतातही ई मालिकाच प्रचारात आहेत. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेतील विक्रेत्यास १० ओहमपासून १ कोटी ओहमपर्यंतचे सर्व रोधक ठेवावयाचे असल्यास ई १२ मालिकेमुळे केवळ ७३ खण पुरतात. ई ९६ मालिका ठेवावयाची झाल्यास ५७७ खण लागतील. युद्धपूर्व रेडिओ संच दुरुस्त करणाऱ्या कारागिरास २,५०,००० ओहमचा जळालेला रोधक बदलताना आज २,२०,००० किंवा २,७०,००० ओहमचा रोधक घालावा लागतो आणि संच पूर्ववत चालतो. मूळ अभिकल्पात तेवढी सह्यता गृहीतच धरलेली असते.

उपसंहार : आयोगाच्या मानकाची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली असून तिचा क्रमांक आता ६००६३ असा आहे. १ टक्का सह्यतेचे पटल-रोधक आज अत्यंत स्वस्त झाले आहेत आणि घाण्यातून निघालेले रोधक मोजून निवडण्याची गरज बव्हंशी संपली आहे. तरीही अभियंता मंडलाची आखणी करताना प्रथम २·२, ३·३, ४·७ व ६·८ याच मूल्यांचा विचार करतो आणि १ टक्क्याचे रोधकही ई २४ मालिकेतील मूल्यांत सर्रास विकले जातात. नेमके ५,००० ओहम हवे असल्यास तो १०,००० ओहमचे दोन रोधक समांतर जोडतो. ज्या अडचणीतून ही मूल्ये जन्मास आली ती अडचण गेली; मूल्ये मात्र राहिली. मानकांचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही गोष्टी यातून दिसून येतात. योग्य वेळी स्वीकारलेले मानक असंख्य कारखानदार, व्यापारी व कारागीर यांचे श्रम वाचविते. पण एकदा ते कोठारांत, आराखड्यांत व माणसांच्या सवयींत रुजले, म्हणजे त्याहून सुबक योजना सुचली तरी ते मागे घेता येत नाही. म्हणूनच अशा संख्या ठरविणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम पुढील अनेक पिढ्यांच्या व्यवहारास बांधून ठेवणारे ठरते.